जुईची पाठराखीण

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगते, त्यातल्या फटी शोधायला. दार वाऱ्याने आपटलं असेल, माणूस दमलेला असेल, औषधाची गुंगी असेल... माझ्याकडे उत्तर तयार असतं. म्हणूनच हे लिहायला मला जड जातंय.

मी अंबरनाथ पूर्वेला राहते. नोकरी इथल्याच एमआयडीसीत. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी रक्त, पेशी असले नमुने गोठवून ठेवते आणि लागतील तिथे विमानाने पाठवते. पाठवणीचं काम माझं. कागद, सील, तापमान, सगळ्यावर टिक झाली की मगच डबा गेटबाहेर.

गेल्या वर्षी पालेगावची सुगंधा आली, नवरा आणि छोट्या वेदांतला घेऊन. तिची मोठी मुलगी जुई कुणालाच नाव न सांगता आलेल्या आजाराने गेली होती. आता वेदांतचेही पाय तसेच लुळे पडत चालले होते. हैदराबादच्या एका लॅबला आजार ओळखता येण्याची आशा होती, पण त्यासाठी जुईचा नमुना हवा होता. तिची एकच कुपी आमच्याकडे उरली होती, आणि तपासणीत ती पूर्ण संपणार होती. संमतीची सही घेण्याआधी हे सांगणं भाग होतं.

"म्हंजे परत काय येनार नाय?"

"नाही."

तिने पेन खाली ठेवलं. नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. ती म्हणाली, "सामानात टाकून नाय धाडायची. आमच्यात पोर सासरी निघाली तरी एकटी नाय जात, संगं पाठराखीण असते. हिच्या संगं कोन जाईल?"

कार्गो किती सुरक्षित असतो हे मी तिला समजावलं. ती ऐकत होती, पेन मात्र उचलत नव्हती. वेदांत तिच्या मांडीवर होता, पाय नुसते लोंबत होते. मी म्हटलं, "मी जाते."

"येते म्हना, ताई," ती म्हणाली, आणि सही केली.

ऑफिसात थट्टा झालीच — "मॅडम, डब्याला विंडो सीट?" पण विमान कंपनीची परवानगी काढली आणि डब्यासाठी वेगळी सीट घेतली. डबा म्हणजे दुधाच्या किटलीसारखं भांडं. आतल्या अस्तरात द्रव नायट्रोजन मुरवलेला, उणे दीडशे अंशांच्याही खाली थंड. बाहेरून मात्र गाल टेकवलात तरी गार लागत नाही. तेवढं कृपया लक्षात ठेवा.

दुपारचं विमान. खिडकीशी पट्ट्याने बांधलेला डबा, मध्ये मी, कडेला उल्हासनगरचे एक वयस्क सिंधी काका. मी अंबरनाथची म्हटल्यावर त्यांनी कोकीचा, म्हणजे त्यांच्या कांदा घातलेल्या जाड पोळीचा, डबा उघडला. "बहनजी, डिब्बे को खिड़की, और हम यहाँ ट्रॉली के धक्के खाएँ. ज़माना देखो."

खाऊन झाल्यावर माझा जरा डोळा लागला. डब्याकडचा हात आर्मरेस्टवर होता. जाग आली ती बोटाच्या ठणक्याने. पहिलं बोट पांढरं फटक, मेणासारखं कडक. आणि त्याला वेढून बारीक पट्टे — लहानशी मूठ आवळावी तसे.

नायट्रोजनने भाजलेली बोटं मी कामावर पाहिली आहेत. हे तेच होतं. मी लगेच सील बघितलं — शाबूत. झाकणाचं कुलूप तसंच. तापमानाचा आकडा स्थिर. भांडं हाताला कोमट. काका म्हणाले, "आप तो हिली भी नहीं, मैं जाग रहा था." मग कोकीचा डबा बाजूला ठेवून त्यांनी हळूच विचारलं, "इसमें कौन है?"

क्या नाही — कौन.

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावर रुमाल घेतला आणि उतरेपर्यंत ओठ हलवत बसून राहिले. मी हात परत आर्मरेस्टवर ठेवला, त्याच जागी. का, ते विचारू नका.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी बोट बघून मला झापलं, ग्लोव्ह्ज घालत नाही म्हणून. नमुना उत्तम होता. आजाराला नाव मिळालं, त्यावर औषधही निघालं. वेदांत आता भिंतीला धरून उभा राहतो.

परत आल्यावर मी भांडं तपासून घेतलं. गळती नाही, तडा नाही. आमच्या सेफ्टी ऑफिसरने झोपेत हात दबल्याचं निदान केलं. दबलेल्या हाताची कातडी आठवड्याने सोलून निघत नाही. माझी निघाली. पटेल असं उत्तर अजून मला सापडलेलं नाही, तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा.

वेदांत उभा राहिल्याचं सांगायला सुगंधा पेढे घेऊन आली होती. निघताना दारात थांबली.

"ताई, पोरीनं तुमाला तरास नाय ना दिला?"

"नाही," मी म्हटलं. "शहाण्यासारखी आली माझ्याबरोबर."

हे मी कुठल्याही कागदावर लिहून देणार नाही. पण खोटं बोलले, असंही मला वाटत नाही.