किसनदादानं माझी चांगली दाढ घालवली

कोळवणच्या पोरांनो, हे पारावर सगळ्यांना वाचून दाखवा.

आज इथं सुरतेत माझी चांगली दाढ गेली. दाढ दुखतेय म्हटल्यावर खोलीतला आपला किसनदादा म्हणाला, "सरकारी दवाखान्यात आपल्याला कोण विचारतंय? फुटपाथवर माझ्या वळखीचा दात काढणारा हाय, स्वस्तात काढंल." डोकं त्यानंच दाबून धरलं. मी "ही न्हाई, ही न्हाई" करतोय, तर म्हणतो, "गप रं, भित्र्या."

दुखरी दाढ तशीच राहिली. मग एकटाच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी ती फुकटात काढली.

खोलीवर येऊन हे सांगितलं, तर दादा म्हणतो, "हात हलका हाय ना बाईंचा? माझी बी त्यांनीच काढली व्हती."

"मग मला फुटपाथवर का नेलंस?"

"अरं, तो रोज चहा पाजतो. एखादं गिऱ्हाईक द्यावं लागतंय."

आईनं ह्याच्याच भरवशावर मला इतक्या लांब धाडलं. आज ह्याच्याच शेजारी अंथरूण टाकायचंय. तुमी असता तर काय केलं असतं?