विहिरीला हाक मारणारे तात्याराव

पहाटेपासून मादन हिप्परग्याच्या शिवारात धुकं बसलं होतं. असल्या दिवशी तुरीची कापणी लवकर धरतात. शेंग दवानं ओली आहे तोवर गप्प राहते, ऊन चढलं की हात लागताच तडकते. इंदिराबाई आणि शेजारची लिंगम्मा पाठ मोडून कापत होत्या.

"अक्का, आज तुमचा रत्नपाल यायलाय म्हनं?" लिंगम्मानं विचारलं.

"व्हय. ह्येंचा आवाज घिऊन यायलाय."

ह्ये म्हणजे इंदिराबाईचे मालक, तात्याराव. गेल्या पावसाळ्यात काविळीनं गेले. विहिरीत पडलेल्या घागरी, पाण्याच्या मोटारी गळ टाकून काढून देणं हा त्यांचा धंदा. पण कुणी बोलावलेलं नसलं तरी विहीर दिसली की माणूस थांबायचा. काठावर वाकून हाक घालायचा, "घरात हायस का गं बाई?" परत आलेला आवाज डोळे मिटून ऐकायचा आणि पाणी किती खाली गेलंय ते सांगायचा. एकदा पाय घसरून मांडी मोडली, वाकडी जुळली. काठी हातात आली तशी पहिली फेरी विहिरीवरच.

"आमच्या हिरीत कंबरभर पानी हाय म्हनलते अण्णा," लिंगम्मा म्हणाली, "उतरून बघितलं तर बेडूकबी कोरडा."

इंदिराबाई हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

दोन वर्षांपूर्वी कलबुर्गीहून ज्योत्स्ना नावाची पोरगी आली होती. साध्या माणसांवर छोट्या फिल्मा करायची. तात्यारावांवरही केली, लोकांनी ती खूप बघितली. ते गेल्यावर रत्नपालनं मोबाईलवर आईला दाखवली. ओठ तात्यारावांचे हलत होते आणि आवाज कुणा हिंदी माणसाचा. विहिरीपाशी तर नुसती बासरी.

"तुज्या बाबाच्या तोंडात ह्यो कोन बोलायलाय?" इंदिराबाईनं विचारलं होतं.

त्यांचा आवाज दुसरीकडे कुठंच नव्हता. रत्नपाल बिदरजवळ कोळारच्या गोदामात कामाला. तिथून फोन करून करून त्यानं ज्योत्स्नाला शूटिंगच्या वेळचं मूळचं बोलणं शोधायला लावलं. सापडलं.

दुपारी अंगणात मायलेक बसले. रत्नपालनं मोबाईल आईच्या कानाशी धरला. आधी वारा, बकरीचं ओरडणं. मग एका बाईचा आवाज, "आवं, नीट बोला की. पुन्या-मुंबैची मानसं बघत्याल. आपलं खिचडी बोलू नगा."

इंदिराबाईनं स्वतःचा आवाज ओळखला.

"नीट म्हंजे कसं गं?" तात्याराव म्हणाले.

आणि मग ते नीट बोलू लागले. "मी विहिरीस आवाज देतो. तो आवाज परत येतो. त्यावरून खोली समजते." शाळेत उभं केलेल्या पोरासारखं, एकेक शब्द तोलून. शेवटी विहिरीवर वाकले असावेत, कारण आवाज घुमला. विहिरीला ते म्हणाले, "नमस्कार."

संपलं.

इंदिराबाई मोबाईलच्या काळ्या काचेकडे बघत राहिली.

"मीच तोंड दाबलं त्येंचं," ती म्हणाली.

"असं कामून म्हनायलीस माय? तुला काय ठावं व्हतं?"

"आपल्या बोलीला लोकं हसत्याल म्हनून मी भ्याले रे. त्येंनी जल्मात कुनाला नमस्कार म्हनलं न्हाई. हिरीला म्हनले, माज्यापायी."

"पुन्यांदा लावू का?"

"सगळं नगं. ते नीट म्हंजे कसं, तेवढंच लाव."

त्यानं लावलं. तिनं डोळे मिटले. पुन्हा लाव म्हणाली, त्यानं पुन्हा लावलं. तेवढ्याच चार शब्दांत तात्याराव होते, थोडे चिडलेले, थोडे गमतीत. पाचव्या शब्दाला दुसराच माणूस सुरू होत होता. रत्नपाल तिथंच थांबवत राहिला.

"जेवलास का?" तिनं मग विचारलं.

"न्हाई."

इंदिराबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि भाकरीसाठी ज्वारीचं पीठ चाळायला बसली.