उद्या पाणी येणार नाही

चौथीत असताना मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे परिपाठाच्या बातम्या. प्रतिज्ञा सगळ्यांनाच पाठ असते, सुविचार कोणीही सांगतं, पण बातम्या सांगणारी मुलगी सगळ्या शाळेसमोर एकटी उभी राहते. ऐकत मात्र कोणीच नसे. रांगेतली मुलं पुढच्याच्या मानेवर फुंकर घालत आणि बाई हजेरीपटात डोकं घालून बसत. मी मनाशी म्हणायचे, माझी पाळी येऊ दे, मग बघते कोण ऐकत नाही ते. पहिल्यापासून मी अशीच हट्टी.

बाईंनी तिघींना एकेक दिवस देऊन बघायचं ठरवलं. जी नीट सांगेल, तिच्याकडे वर्षभर बातम्या. मला मंगळवार मिळाला आणि पहिली पंचाईत झाली, कारण आमच्या घरी पेपरच येत नव्हता. वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला, ते तिथेच चहाबरोबर पेपर वाचून येत. भाईंदरमधल्या गोडदेवच्या आमच्या बिल्डिंगीत, आमच्या मजल्यावर पेपर घेणारं एकच घर होतं, समोरच्या गुजराती काकींचं, आणि पेपरही गुजराती. मग असं ठरलं की काकी गुजरातीत वाचतील, मला हिंदीत सांगतील आणि मी मराठीत लिहून घेईन.

सोमवारी संध्याकाळी गेले तेव्हा काकी थेपले लाटत होत्या.

"बेटा, वो दरवाजे के पास से पेपर उठा ला," त्या म्हणाल्या. दाराशी पेपरांची चळत होती, तिच्यातला सगळ्यात वरचा मी आणला. काकींनी पिठाचे हात पुसले, चष्मा लावला. शेअरबाजार, कोणाचं तरी बेसणं, म्हणजे शोकसभा, "ये तेरे काम का नहीं," असं करत करत त्या एका जागी थांबल्या.

"ये देख. बुधवार को पूरा दिन पानी बंद, पूरे भायंदर में."

मी हरखलेच. घटकाभर येणाऱ्या नळावर ज्यांचा दिवस चालतो, त्यांना यापेक्षा मोठी बातमी कुठली?

मंगळवारी मी पुढे उभी राहिले आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "उद्या बुधवारी भाईंदरमध्ये दिवसभर पाणी येणार नाही." फुंकरी थांबल्या. बाईंनीही मान वर केली. मला आकाश ठेंगणं झालं.

संध्याकाळी नळ आला तसा अख्ख्या गोडदेवात एकच गलका उडाला. पोरांनी घरोघरी जाऊन बातमी दिली होती. आमच्याकडे पिंप भरलं, हंडे-कळशा भरल्या, बादल्या भरल्या, शेवटी आईने कुकरही भरून ठेवला.

"आता डाळ कशात लावणार?" वडिलांनी विचारलं.

"पोरीने शाळेत सांगितलंय सगळ्यांसमोर. उगाच सांगेल काय ती?" आई म्हणाली.

बुधवारी पाणी आलं, तेही नेहमीपेक्षा जोरात. मी धावत काकींकडे गेले. त्यांच्या सुनेने फडताळात घालायला म्हणून चळत उलटी केली होती, त्यामुळे मी नेलेला पेपर मागच्या महिन्याचा निघाला. काकी पोट धरून हसल्या. मी मात्र रडले. बातम्या गेल्या, हेच डोक्यात होतं.

गुरुवारी सकाळीच काकींनी दार वाजवून त्या दिवशीचा पेपर हातात ठेवला, ठळक बातम्या हिंदीत समजावून सांगितल्या. काही उपयोग नाही हे ठाऊक असूनही मी त्या लिहून घेतल्या. शाळेच्या फाटकाशी बायका उभ्या होत्या. गावठाणातली एक आजी सगळ्यांत पुढे.

"कोन ती पोर? पानी तर येतंय. माज्या घरात पाय ठेवाया जागा न्हाय," ती म्हणाली.

बाई बाहेर आल्या. बायकांचं ऐकून घेतलं, हात जोडून "चुकलं आमचं," म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"बाई, पेपर जुना होता," मी कसंबसं म्हणाले.

"आधी तारीख बघायची असते. हे मीच शिकवायला हवं होतं. आता बघशील?"

"बघेन."

त्यांनी फाटकातल्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बातम्या घेतेय. त्या कोणाच्या घरापर्यंत जात असतील असं वाटलं नव्हतं कधी. चल, आजपासून तुझ्याकडे."

प्रार्थना झाली. मी पुढे गेले, आधी तारीख वाचली आणि मग एकेक बातमी सांगायला लागले. इतकी खूश मी त्याआधी कधी नव्हते. फाटकाबाहेरच्या बायका घरी गेल्या नव्हत्या. माझी शेवटची बातमी संपेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या.