आक्कानं सांगितलेला बर्फ

फोन आला तेव्हा मी कुपवाडला मुलाच्या डब्यासाठी चपात्या लाटत होते. वडूजजवळच्या आमच्या गावातून शेजारच्या शांताबाई बोलत होत्या. "बाई, तुमची नेपाळी गेली वो." एवढंच. दोन क्षण मला कळेचना, कोण नेपाळी? माझ्या मोठ्या जाऊबाई गेल्या होत्या... माझी आक्का. ज्या गावात तिनं पंचवीस-तीस वर्षं भाकऱ्या थापल्या, त्या गावाला तिच्या मरणाची बातमी देताना तिचं नावसुद्धा सापडलं नाही. मला शांताबाईंचा भयंकर राग आला. मग मुलानं, अमोलनं, गाडी विट्याच्या पुढं काढली तेव्हा आठवलं, की मी शिकवायचे त्या शाळेत तिचा विषय निघाला की मीही 'आमच्या नेपाळी जाऊबाई' असंच म्हणायचे. सुनैना तिचं नाव. सासूबाईंनी ती घरात आल्यावर बदलून सुनंदा केलं, आणि वापरलं मात्र कुणीच नाही.

शेवटची आंघोळ घालायला आम्ही चौघी बायका होतो. माघातली सकाळ, पाण्याची वाफ दिसत होती. साडी सोडली तर आत दोन स्वेटर, एकावर एक. दोन्ही भाऊजींचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, कोपरावर विरलेले. त्याच्याही आत त्यांचाच पूर्ण बाह्यांचा जाड बनियन. शांताबाई तांब्या हातात धरून म्हणाल्या, "अगंबाई, हिला थंडी वाजत हुती व्हय? बर्फातली न्हवं का ही?" स्वेटरच्या बाह्यांतून तिचे हात निघता निघेनात, त्यातच माझं सगळं लक्ष होतं.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी कुठंकुठं गेलीत, हे इथं कुणाला सांगायला नको. भाऊजी गेले थेट नेपाळात, वीरगंजला. सराफाच्या गल्लीत त्यांची भट्टी होती, आणि तिथूनच ते आक्काला लग्न करून घेऊन आले. सगळं गाव बघायला लोटलं. तिचे डोळे मोठे, नाक सरळ, रंग आमच्यासारखाच सावळा. त्यामुळं बायकांची जरा निराशाच झाली. "ही कुठनं नेपाळची? चपटी न्हाई न् काय न्हाई," असं एकजण तिच्या तोंडावर म्हणाली. पण सासूबाईंनी मनावर घेतलं होतं. "माजी सून हिमालयातली हाय," असं त्या येईल त्याला सांगायच्या. भाऊजींना खरं काय ते माहीत होतं, पण तो मान त्यांनाही आवडत असावा, ते नुसते मिशीत हसायचे. ते परत भट्टीवर गेले तेव्हा सासूबाईंनी आक्काचं अंथरूण सोप्यात टाकलं. आमचा सोपा समोरून उघडा, माळावरचा वारा थेट आत. आम्हा सगळ्यांना आतल्या खोल्या, जाड वाकळा. तिला एक चादर. "तिला कसली आलीया थंडी!" म्हणून सासूबाई हसल्या, आम्हीही हसलो. पुढं भाऊजी गेले, सासूबाई गेल्या, आतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. तिचं अंथरूण सोप्यातच राहिलं.

मी सहावीला भूगोल शिकवायचे. भाऊजी वारले त्याला वर्ष झालं असेल, त्या दिवाळीनंतर शेजारील देश हा धडा आला. मला वाटलं, घरात खुद्द नेपाळ असताना पुस्तक कशाला वाचायचं? आक्काला शाळेत नेलं. ती नको-नको म्हणत होती. निळी साडी नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती फळ्यापुढं उभी राहिली, आणि पहिल्याच पोरानं हात वर केला. "काकू, तुमच्या दारात किती बर्फ पडायचा?" साठ पोरं टक लावून बसलेली. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलवली, सांगा, सांगा. मग ती सांगायला लागली. गुडघ्याएवढा पडायचा, म्हणाली. सकाळी दार उघडायचं न्हाई, बाबा फावड्यानं वाट करायचे. दूध भांड्यात दगड व्हायचं... काय रंगवून सांगितलं बाईनं! पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी तिला नारळ दिला. मी आठवडाभर मिरवत होते.

त्याच हिवाळ्यात तिच्या माहेराहून फोन आला, आई अंथरुणाला खिळली होती. आक्का सासूबाईंपुढं येऊन उभी राहिली. तिनं आजवर कधी काही मागितलं नव्हतं. "आत्याबाई, एकदा जाऊन येते. आईला बघते." सासूबाई वाईट नव्हत्या, काळजीनंच म्हणाल्या, "आता कशी जाशील? बर्फात वाटा बंद असत्याल. उन्हाळ्यात जा." माझे यजमान सोबत जायला तयार होते, तेही मागं सरले. "बर्फात कुठं अडकायचं?"

आक्का हळूच म्हणाली, "तिकडं बर्फ न्हाई पडत."

"अगं, तूच की गं शाळंत सांगितलंस पोरांस्नी! गुडघ्याएवढा पडतो म्हणून!" सासूबाई म्हणाल्या.

तिनं माझ्याकडं बघितलं. अगदी वर्गात बघितलं होतं तसंच. मी तिथंच चौकटीला टेकून उभी होते आणि मला वाटलं, जायच्या ओढीनं खोटं बोलतेय बिचारी. मीही तेच म्हणाले, "आक्का, चैत्रात जावा." शिवरात्रीच्या आधी तिची आई गेली. तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, दिवसभर सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसली, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापायला उठली.

वैशाखात भर दुपारी ती सोप्याच्या दगडी पायरीवर बसायची. ही तिची सवय पहिल्यापासूनची. आम्ही सगळे आत पंख्याखाली, आणि ही उन्हात, डोळे मिटून. बर्फातली बाई उन्हाला हपापलीय म्हणून आम्ही चेष्टा करायचो. त्या वर्षी मी दारातून म्हणाले, "आक्का, आता बर्फ वितळला असंल. जायचं का?" तिनं डोळे उघडले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, मी बर्फ बघितलाच न्हाई कवा. आमचं गाव सपाट. चारी बाजूला ऊस, तुमच्या सांगलीकडं हाय तसाच. उन्हाळ्यात अशी पायरी तापायची. मी हितं बसले की मला आमच्या अंगणात बसल्यागत वाटतं."

"मग शाळेत का सांगितलंत?"

"पोरं लय आशेनं बघत हुती. तुमी बी." मग जराशी हसली. "आई विचारायची, महाराष्ट्रात समिंदर घरातनं दिसतो का? मी म्हणायची, व्हय, दिसतो."

त्या संध्याकाळी मी शाळेचा नकाशा काढला. नेपाळच्या खालच्या कडेला पूर्व-पश्चिम हिरवी पट्टी. हिरवा रंग मैदानाचा, हे मीच वर्षानुवर्षं छडीनं दाखवून पोरांकडून घोकून घेत होते. तरी मी गप्प बसले, घरातसुद्धा. सासूबाईंना सांगितलं तर आई गेल्याचं खापर घरावर येणार, हेडमास्तरांना कळलं तर माझी शोभा होणार... कारणं शोधायला मी पहिल्यापासून हुशार! आक्कानंही पुन्हा तो विषय काढला नाही. कुणी बर्फाचं विचारलं की सांगायची, गुडघ्याएवढा. आणि मला खरं माहीत असूनही तिचं अंथरूण आत घ्यावं, हे एकदाही सुचलं नाही. निवृत्तीनंतर मी अमोलकडं कुपवाडला गेले. ती घर सोडायला तयार नव्हती. फोनवर खोकायची. मी म्हणायचे, काढा घ्या, तुम्ही काटक आहात.

दहाव्याला येरळेच्या काठावर पिंडाशेजारी तिच्या आवडीचं ठेवायचं होतं. अमोल तिला मोठी आई म्हणायचा, तिला मूलबाळ नव्हतं म्हणून सगळं त्यानंच केलं. पोरगं सकाळी सांगलीहून मोमो घेऊन आलं होतं. पत्रावळीवर आठ मोमो आणि लाल चटणी. डोळे पुसत म्हणाला, "मोठ्या आईच्या देशातलं हाय." समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. तासभर गेला. भावकीतले तात्या हात जोडून कबुल्या देऊ लागले, घर सांभाळू, वर्षश्राद्ध करू. कावळा हलेना. "काय राहिलं असंल गड्या हिचं?" असं तात्यांनी विचारलं तेव्हा मला राहवलं नाही.

"मोमो काढा ते," मी म्हणाले. "तिनं तिच्या गावात मोमो कधी खाल्ला नव्हता. ती दही-पोहे खायची. तिनं बर्फसुद्धा कधी बघितला नव्हता. तिला थंडी वाजायची, तात्या. आईला बघायला जायचं होतं तिला, आपण जाऊ दिलं नाही... आणि मला सगळं माहीत होतं."

अमोलनं माझ्याकडं बघत मोमो उचलून घेतले. तात्या अवघडून म्हणाले, "म्हंजे नेपाळात बर्फ न्हाई म्हणता व्हय, वैनी?" शेजारच्या वस्तीतून वाटीभर दही-पोहे आणले. तरी कावळा आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि आम्ही अंघोळी करून घरी आलो.

अमोल कामावर गेला, मी गावातच राहिलेय. स्वेटर धुऊन सोप्यातल्या दोरीवर टाकले होते, ते अजून काढले नाहीत. परवा ऊन पहिल्यांदा चांगलं तापलं. दुपारी मी तिच्या पायरीवर जाऊन बसले. दगड असा चटकत होता की उठावंसं वाटलं, पण उठले नाही. शांताबाई कुंपणापलीकडून ओरडल्या, "बाई, उन्हात काय करताय?" मी म्हणाले, "आक्काच्या माहेरी आलेय."