उलथन्याच्या मापाचं मनगट

माझ्या उजव्या मनगटातलं एक हाड वारलं. दूध नासलं तर आमच्या घरात जेवढा गलका होतो, तेवढाही या बातमीनं झाला नाही.

हाड तसं लहानच. त्याचा रक्तपुरवठा कधीतरी गुपचूप बंद पडला, ते आतल्या आत वाळलं, त्याचा चुरा झाला आणि जाता जाता शेजारचे सांधेही झिजवून गेलं. "ते मेलंय," डॉक्टर म्हणाले. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा अण्णांनी (माझे वडील, निवृत्त संस्कृत शिक्षक) पेपर खाली केला, "सुतक नाही ना रे त्याचं?" असं विचारलं आणि पेपर पुन्हा वर केला.

दुखणं मी सोसत होतो. कसबा पेठेतून हडपसरला, एरवी स्कूटरनं आणि आता बसनं, जायचं, काचेच्या इमारतीत बसून अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचे संगणक सांभाळायचे आणि परत यायचं, म्हणजे दुखायला मनगटच हवं असं नाही. माझा जीव रडकुंडीला येत होता तो जेवताना. हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत पट्टीत बांधलेला. डाव्या हातानं जेवावं, तर समोर अण्णा. "त्या हातानं?" एवढंच म्हणायचे आणि स्वतःचं जेवण थांबवायचे. चमचा धरला तरी धरणारा हात डावाच, त्यामुळे तेही बाद. शेवटी सुलभा, म्हणजे माझी बायको, मला भरवायला लागली. पंचेचाळिशी ओलांडलेला, हाताखाली माणसं असलेला मी रोज रात्री टीव्हीकडे बघत तोंड उघडायचो. मला दुसरं काही नको होतं. स्वतःच्या हातानं वरणभात कालवून खायचा होता, बस.

औषधं झाली, शेक झाले, कुणाच्या तरी ओळखीचं एक तेलही झालं. मग आम्ही दोघं पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर अस्सल पुणेरी, शब्द मोजून देणारे.

"आता ऑपरेशन. मनगटातली हाडं एकमेकांना जोडून टाकायची. कमरेच्या हाडाचा थोडा तुकडा घेऊन मधे भरायचा, वरून धातूची पट्टी. दुखणं जाईल. वळणंही जाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे मनगट कायमचं एका जागी. वाकणार नाही. हात रोज कशाकशाला लागतो, घरी नीट विचार करा आणि काय ते ठरवून या."

पुढचा सगळा गोंधळ या 'काय ते'चा आहे. मराठी माणूस 'काय ते' म्हणतो तेव्हा नक्की काय ते कुणीच विचारत नाही, समोरच्याला कळलं असणार असं गृहीत असतं. आम्हालाही कळलं. मनगट आता कायमचं एका कोनात बसणार आणि तो कोन आम्ही ठरवून द्यायचा, हे आम्हाला रिक्षात बसेपर्यंत चांगलंच कळलं होतं.

"कमरेचं हाड मनगटात," सुलभा रिक्षात म्हणाली. "म्हणजे आता हातही दिवसभर बसूनच राहणार."

घरी बैठक बसली. अण्णांचं मत तयारच होतं. "नमस्काराचा कोन ठेव. माणसाला आयुष्यात दुसरं काही आलं नाही तरी नमस्कार आला पाहिजे." मी हात जोडून पाहिले. नमस्कारात मनगट पार मागे जातं. ते तसंच राहिलं तर मी जन्मभर वाहतूक पोलिसासारखा हात दाखवत फिरणार होतो.

"नमस्कार रोज कुणाला करतात हे?" सुलभा म्हणाली. "त्यापेक्षा पिशवी धरता येईल असं बघा. मंडईतून येताना दोन्ही पिशव्या मी किती दिवस ओढायच्या?"

"स्कूटरचा कान पिळता आला पाहिजे," असं म्हणत माझा मेहुणा श्रीकांत आत आला. हा एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि तो कधीही आला तरी विषयाच्या मधोमध येतो. येताना त्यानं मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणला होता. ऑफिसातून साहेबांचा फोन आला, तेव्हा त्यांचंही मत आलं. "माउससाठी फ्लॅट ठेव यार, प्रॉडक्टिव्हिटीचा सवाल आहे."

मी प्रत्येकाला काय म्हणालो असेन? 'चालेल' म्हणालो. अण्णांना चालेल, सुलभाला चालेल, साहेबांना चालेल. मला स्वतःला घासाचा कोन हवा होता, किंचित आत, तोंडाकडे वळलेला. पण हात ज्याचा त्यानं बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि मलाही भांडायचा कंटाळा आला होता.

"असं हवेत बोलून होत नाही," श्रीकांत म्हणाला. "ट्रायल घेऊ."

त्यानं पट्टी सोडली आणि माझ्या हाताला आधी लाकडी फूटपट्टी बांधली. ती सरळ, तिचा उपयोग नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन झारा, पळी, डाव असं एकेक आणून माझ्या मनगटाला लावून पाहिलं. मी दिवाणावर बसून होतो. दुखत होतं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. सरतेशेवटी उलथनं बसलं. त्याच्या दांड्याला मुळाशी एक छान वाक होता. त्या वाकावर पिशवी अडकत होती, स्कूटरच्या कानाला हात पोचत होता, माउस जेमतेम हलत होता आणि अण्णांच्या मते "लांबून पाहिलं तर नमस्कारच वाटतो".

"आता हे बांधून दोन दिवस राहा," श्रीकांत म्हणाला.

"चालेल," मी म्हणालो.

ते दोन दिवस मी रजा टाकली होती, पण दूध आणायला जावंच लागलं. हाताला क्रेप बँडेज आणि त्यातून पुढे आलेलं उलथन्याचं पान. जिन्यात खालच्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय, थालीपीठ?"

"मनगटाचं ऑपरेशन आहे."

"बरं बरं. तेल सोडा थोडं," म्हणाले आणि वर गेले. तिकडे सुलभाचं उलथनं अडकल्यामुळे घरात दोन दिवस कुठलीही गोष्ट उलटली जात नव्हती. आम्ही खिचडी खात होतो, म्हणजे ते खात होते आणि मला भरवलं जात होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे डॉक्टरांकडे गेलो. मी, सुलभा, अण्णा, श्रीकांत आणि उलथनं. श्रीकांतनं ते टेबलावर ठेवलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हे काय?"

"नमुना," श्रीकांत म्हणाला. "ह्या वाकाचं मनगट बनवा. घरात सर्वानुमते ठरलंय."

डॉक्टरांनी उलथनं उचलून दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग म्हणाले, "धातूची पट्टी कंपनीतूनच वाकून येते. सगळ्यांना साधारण तोच वाक बसवतो. मी कोन विचारला नव्हता."

"मग काय ते ठरवून या म्हणालात ते?" सुलभानं विचारलं.

"ऑपरेशन करायचं की नाही ते."

करायचं की नाही हा विषय आमच्या बैठकीत निघालाच नव्हता. माझं मनगट कायमचं जाणार होतं आणि आम्ही सगळे त्याचा आकार ठरवत बसलो होतो. मला एकदम भीती वाटली. पहिल्यांदाच.

"मग तसं स्पष्ट विचारायचं," अण्णा म्हणाले.

"मराठीतच विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "यांचं राहू द्या. तुम्हाला काय हवंय?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "मला माझ्या हातानं जेवायचंय हो," मी म्हणालो. हे जरा रडकं झालं हे मला मान्य आहे. सुलभा खिडकीकडे बघायला लागली.

"जेवाल," डॉक्टर म्हणाले. "बोटं मोकळी राहतात. तेवढं नक्की जमेल."

"मग करा."

ऑपरेशन झालं. मनगटापेक्षा कंबर जास्त दुखली (याची कल्पना कुणीही देत नाही). पुन्हा प्लास्टर, पुन्हा टीव्ही, पुन्हा तोंड उघडणं. हाडं सावकाश जुळली, आणि एका दुपारी प्लास्टर निघालं. त्या रात्री सुलभानं माझं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः पलीकडे जाऊन बसली. बोटं आखडलेली, हात वाळलेला. भात कालवला. पहिला घास अर्धा शर्टावर गेला, पण अर्धा तोंडात गेला. अण्णा त्यांच्या ताटातल्या मिठाकडे निरखून बघत होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

मग मी भाजीकडे हात नेला.

"हे काय आहे?"

"कारलं," सुलभा म्हणाली.

"मी कारलं खात नाही."

"पट्टी बांधल्यापासून खाताय. चिंचगुळाचं करते, भातात बारीक कुस्करते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"विचारलंत कधी? तोंड उघडत होतात, मी घालत होते."

कारलं न खाणं ही या घरातली माझी एकमेव ठाम भूमिका होती. ती नक्की कधी पडली हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी रागानं एक फोड उचलून तोंडात टाकली. चांगली लागत होती. दुसरी टाकली. एक हाड गमावून, कमरेचा तुकडा काढून, पट्टी ठोकून जो हात परत मिळवला होता, त्या हातानं मी वाटी उचलली आणि आणखी थोडं कारलं मागितलं.