धाकट्या दिराचा होकार

माझ्या धाकट्या दिरासारखा कशाचाच निकाल न लावणारा माणूस साऱ्या रायपुरात दुसरा झाला नसेल. तिशीला टेकेपर्यंत त्याने आपण होऊन एकही गोष्ट ठरवली नव्हती. अमरावतीहून लग्न होऊन मी गुढियारीतल्या घरी आले तेव्हा तो कॉलेजात जात होता. कोणत्या वर्गात, हे विचारलं की आधी थोडा विचार करायचा, कारण मित्र जिकडे बसत तिकडे हाही बसे. बाजारात पाठवलं की रिकामी पिशवी घेऊन परत यायचा आणि वर समजावून सांगायचा की वांगीही चांगली होती आणि भेंडीही चांगली होती. एकदा न्हाव्याने मिशी ठेवू की काढू असं विचारलं, तर म्हणाला, तुला जसं बरं दिसेल तसं कर. न्हाव्याने चार वेळा विचारलं आणि शेवटी वैतागून दुसरं गिऱ्हाईक घेतलं. हा तोंडाला साबण तसाच ठेवून घरी आला. दुर्गला मुलगी पाहायला गेलो तेव्हा मुलगी त्याला आवडली होती, हे आम्हाला त्याच्या कानांच्या लालीवरून कळलं. तिच्या वडिलांनी, मग काय ठरवलं, असं विचारल्यावर ह्याने प्यायला पाणी मागितलं. घरी आल्यावर महिनाभर "देखेंगे वहिनी" एवढंच चाललं. शेवटी तिचं लग्न दुसरीकडे ठरलं. त्या लग्नालाही हा गेला आणि पंगतीत वाढून आला. जिलेबी फार छान होती म्हणाला.

मग नवीन राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि ह्याची फारच पंचाईत झाली. तोवर ठरवायला फारसं काही नव्हतंच. आता रस्ते खोदले जाऊ लागले, जुन्या इमारतींवर नव्या कार्यालयांच्या पाट्या चढल्या आणि पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, प्रत्येक पोट्ट्याला काहीतरी सुचलं. एक मित्र जमिनीच्या दलालीत शिरला, एकाने साहेबलोकांसाठी भाड्याच्या गाड्या लावल्या, एकाने झेरॉक्सचं दुकान टाकलं. तिघांनीही ह्याला भागीदार व्हायला बोलावलं. त्याने कोणालाच नाही म्हटलं नाही. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे, संध्याकाळी तिसऱ्याकडे बसायचा आणि तिन्हीकडचा चहा पिऊन घरी जेवायला यायचा.

हा पोट्टा मोठा कधी होणार, हा आमच्या घरातला जेवणानंतरचा ठरलेला, हसण्याचा विषय होता. लग्न केलं की होईल, असं सासूबाईंचं मत. माझे यजमान रेल्वेत मालगाडीचे गार्ड. त्यांचं म्हणणं, नोकरी लागली की आपोआप होईल. माझे सासरे ह्या चर्चेत पडत नसत. ते रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगचे मेट, म्हणजे मुकादम होते, सारा जन्म रुळांवरून पायी चालण्यात गेलेला. निवृत्तीनंतरही पहाटे उठून, हात पाठीमागे बांधून, रेल्वेच्या कडेकडेने भनपुरीच्या बाजूला लांबवर चालून यायचे. बोलणं कमी. ढिल्या झालेल्या बोल्टकडे पाहावं तसे ते धाकट्या लेकाकडे एकवार बघायचे आणि हात धुवायला उठायचे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी सासऱ्यांच्या उजव्या तळपायात खिळा गेला. त्यांना साखरेचा आजार होता, त्यामुळे दुखलं नाही, आणि दुखलं नाही म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही. जखमेवर हळद दाबून, वर मोजा चढवून ते रोज चालत राहिले. मला आधी वास आला, त्यांचं अंथरूण उचलताना. तोवर त्यांना ताप भरला होता आणि मोजा पायाला चिकटला होता.

यजमान पहाटेच गाडी घेऊन डोंगरगढच्या बाजूला गेले होते. मी, सासूबाई आणि धाकटा दीर, तिघांनी मिळून सासऱ्यांना ऑटोत घातलं. सरकारी दवाखान्यात नेऊ की खासगी, असं ऑटोवाल्याने विचारलं. दीर माझ्याकडे बघत राहिला, म्हणून मीच एका खासगी दवाखान्याचं नाव सांगितलं. रस्ता जागोजागी खोदलेला. प्रत्येक धक्क्याला सासऱ्यांचं डोकं ह्याच्या खांद्यावर आपटत होतं आणि हा दर वेळी ऑटोवाल्याला हळू आवाजात "भैया, धीरे" म्हणत होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोजा कापून काढला, पाय पाहिला आणि आम्हाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं. पाऊल काळं पडलं आहे, विष वर चढतं आहे, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. दुपारच्या आत. संध्याकाळपर्यंत थांबलो तर किती वर काढावा लागेल आणि काढून उपयोग होईल की नाही, हे सांगता येणार नाही.

आतून सासऱ्यांनी ते ऐकलं असावं. आम्ही आत गेलो तेव्हा ते पुरते शुद्धीवर होते. म्हणाले, "पायाले हात लावायचा नाही. मले असाच घरी घेऊन चाला." एवढं बोलून डोळे मिटले. थोड्याच वेळात त्यांना भ्रम सुरू झाला. ते मोठमोठ्याने आपल्या गँगला हाका मारू लागले, गाडी येऊन राहिली, बाजूले व्हा. त्या हाका व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होत्या.

मी रेल्वेच्या ऑफिसात फोन लावला. गाडी मध्येच कुठे तरी उभी आहे, निरोप देऊ, पण संध्याकाळच्या आत ते येतील असं वाटत नाही, असं कळलं. सासूबाईंनी भिंतीला टेकून एकच धोशा लावला होता, मोठा येऊ द्या, मोठा आल्याशिवाय काही करू नका. नर्स दर थोड्या वेळाने येऊन विचारायची, कोणी ठरवलं का.

दीर माझ्याजवळ आला. "वहिनी, तुमीच सांगा न."

पाय कापला आणि सासरे गेले तर, नाही कापला आणि गेले तर, दोन्ही उत्तरं माझ्या डोळ्यांपुढे होती आणि दोन्हींत जन्मभर बोट माझ्याकडे होतं. मी सून होते. मी नजर खाली घातली. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मला वाटतं, आता विचारायला कोणीच उरलं नाही हे त्याला त्याच वेळी कळलं असावं.

तो वळला. समोरच जिना होता. हा आता पानाच्या निमित्ताने खाली जाणार आणि संध्याकाळीच उगवणार, असं माझ्या मनात आलं. पण तो वडिलांच्या खोलीत गेला. मी दारात उभी राहिले. त्याने पलंगाच्या पायथ्याशी बसून चादर वर केली आणि तो पाय नीट पाहिला. आम्ही कोणी तो तसा पाहिला नव्हता, नजर चोरूनच पाहिला होता. विषाची लाली कुठपर्यंत आली आहे ते समजावं म्हणून डॉक्टरांनी पोटरीवर पेनाने एक रेघ ओढून ठेवली होती. लाली त्या रेघेच्या वर गेली होती.

बाहेर येऊन त्याने डॉक्टरांना विचारलं की ही रेघ कधी ओढली. तासही झाला नाही, डॉक्टर म्हणाले. ह्याने मान हलवली आणि म्हणाला, "करा."

सासूबाई भिंतीपासून उठल्या. त्यांनी त्याचा सदरा धरला आणि म्हणाल्या, "तुझा बाप तुले जन्मात माफ नाही करणार."

"नको करू दे, आई," तो म्हणाला. "जित्ता राह्यला तं राग करन न."

संमतीच्या कागदावर नर्सने दाखवलं तिथे त्याने सही केली. मग तो बाकावर बसला. चहा घेतोस का म्हटलं तर नको म्हणाला. त्याच्या तोंडून आलेला हा सरळ नकार मी पहिल्यांदाच ऐकत होते.

यजमान संध्याकाळी आले, डोळे तारवटलेले, अंगावर ड्यूटीचे कपडे. सगळं ऐकून त्यांचा आवाज चढला. माझी वाट पाहायला पाहिजे होती, एवढी घाई कोणाला होती, वगैरे. मोठ्या भावासमोर दीर कधी मान वर करून बोलला नव्हता. त्या दिवशीही त्याने आवाज वाढवला नाही. "टाइम नव्हता, भैया," एवढंच म्हणाला. यजमान त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्याच बाकावर, त्याच्या शेजारी, बसले.

सासरे वाचले. दुसऱ्या दिवशी पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्यांनी चादरीवरून हात फिरवला आणि जिथे हात थांबायला हवा होता तिथे तो खाली गादीवर गेला. डॉक्टर सांगतील, असं आमचं ठरलं होतं. पण दीर पुढे झाला. "बाबा, पाय काढाले मी सांगतलं. भैया नव्हता. आई नाही म्हणत होती. मीच सांगतलं." सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर कित्येक आठवडे ते त्याच्याशी बोलले नाहीत. आमच्याशी बोलायचे, शेजाऱ्यांशी बोलायचे, ह्याचं पाऊल वाजलं की डोळे मिटून घ्यायचे. जखमेची पट्टी बदलायचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. मिटल्या डोळ्यांच्या बापासमोर बसून तो रोज काम करायचा आणि करता करता पाऱ्यातल्या बातम्या सांगायचा. कोणाच्या घरापुढे रस्ता रुंद होऊन राहिला, झेरॉक्सवाल्याचं लग्न कसं जमलं, सगळं. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची, कारण सासऱ्यांचा स्वभाव मला माहीत होता. ह्याच काळात त्याने तिन्ही मित्रांना निरोप दिला आणि भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात नोकरी धरली. सकाळची पाळी मागून घेतली, दुपारची पट्टी चुकू नये म्हणून.

एका दुपारी पट्टीची कात्री वाजत असताना सासऱ्यांनी डोळे उघडले. मी दाराआड होते. त्यांनी विचारलं, "काहून कापू देलं रे?"

कात्रीचा आवाज थांबला. मग दीर म्हणाला, "मले तुमी पायजे होते, बाबा."

सासऱ्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, आणि तो त्याच्याच हातून घेतला.

पुढे त्यांना कृत्रिम पाय बसवला. तो लावून ते दारापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत आणि शेवटी रुळांच्या कुंपणापर्यंत जाऊ लागले. दिराने राजनांदगावची मुलगी पाहिली आणि चहा संपायच्या आत होकार दिला. सासूबाई इतक्या गडबडल्या की त्यांनीच, थोडा विचार कर, असं त्याला बजावलं. सासऱ्यांनी नातू पाहिला, खेळवला आणि काही वर्षांनी झोपेतच गेले.

लग्न, नोकरी, मुलगा, सगळं ओळीने झालं, पण ते सगळं त्या 'करा'च्या नंतरचं. आता घरातलं कोणतंही अडलेलं काम त्याच्याकडे जातं आणि त्याच दिवशी उरकतं. सगळे म्हणतात, पोट्टा सुधारला. मीही म्हणते. फक्त जेवणानंतर आमच्याकडे आता पहिल्यासारखं हसणं होत नाही.

परवा मी गुढियारीच्या भाजीबाजारात होते. ऊन चढलं होतं. पुढे गर्दीतून एक माणूस हात पाठीमागे बांधून, मान किंचित खाली घालून, सावकाश चालला होता. माझा हात आपोआप डोक्याकडे गेला आणि सासरे समोर आले की ओढायची तसा मी पदर पुढे ओढला. तेवढ्यात तो वळला. दीर होता, कानांवरचे केस पिकलेला, खांद्याला भाजीची भरलेली पिशवी. "काहून उभ्या राहिल्या वहिनी उन्हात?" त्याने विचारलं. काही नाही म्हटलं, आणि पदर तसाच राहू दिला.