मोकळे ठोके

माझी बायको एका मंगळवारी वारली. तिचा आवाज फक्त माझ्या फोनमध्ये उरला: मसाला कुटताना गायलेलं एक गाणं. लेकीला ते स्वतःच्या लग्नात वाजवायचं होतं, सगळ्यांना नाचता येईल असं.

म्हणून मी चारकोपला एका गाळ्यात गेलो. तिथे एक तरुण हळदीची डीजे गाणी बनवतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. गाणं ऐकताना तो डोळे मिटून मांडीवर बोटं आपटत होता. त्याने चार मात्रांचा ताल लावला. आवाज तालात बसेना. वेग कमी केला, तरी तेच.

"काका, यातले ठोके कोणी खाल्ले?" तो म्हणाला. "एक वाजतो, मग नुसती जागा. कुटायला किती जणी होत्या?"

"पूर्वी तिघी. ही आणि दोन जावा, एकाच उखळात आळीपाळीने. जावा वसईला राहायला गेल्या. नंतर ही एकटीच कुटायची."

त्याची बोटं थांबली. "मग हे तीनचं आहे. काकी त्या दोघींची जागा सोडतायत."

दर उन्हाळ्यात मी बाहेरच्या खोलीत वाचत बसायचो. मला वाटायचं, ती दमून थांबते.

त्याने तीनचा ताल मांडला, वेग तिच्या मुसळाचा ठेवला. आवाज बसला.

"मोकळ्या जागी ढोल टाकू ना? नाहीतर कोण नाचणार?"

"नको," मी म्हणालो.

लग्नात त्या गाण्यावर कोणी नाचलं नाही. आता ते माझ्या फोनमध्ये आहे. पहिला ठोका तिचा आहे, पुढचे दोन मोकळे आहेत.